पंखा, मच्छरदाणी आणि आपली प्रतिष्ठा

मंडळी, सणासुदीच्या अंकात थोडं कडू लिहितोय, राग मानू नका. आपल्यापैकी कुणी तामान नगाराला जाऊन आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हॉटेल कसं होतं?" जंगल कसं होतं, हे विचारतो कोण!

'नगारा' म्हणजे मुळात आपलं संस्कृत 'नगर'. मलय भाषेत त्याचा अर्थ झाला देश. हे राष्ट्रीय उद्यान ब्रिटिश अमदानीत, १९३८-३९ साली, राजे पाचवे जॉर्ज यांच्या नावाने राखलं गेलं. पहांग, कलांतान आणि तेरंगानू या तीन राज्यांत मिळून ४,३४३ चौरस किलोमीटर. हे वर्षावन सुमारे १३ कोटी वर्षं जुनं मानतात. क्वालालंपूरहून तीन-चार तासांच्या वाटेवर असं काही आहे, आणि आपण चौकशी करतो ब्रेकफास्ट बुफेची!

क्वाला ताहान गावात साधी गेस्टहाऊसं आहेत. दोन खाटा, पंखा, मच्छरदाणी, गार पाण्याचा शॉवर. चपला दाराबाहेर. समोर तेंबेलिंग नदी, आणि होडीने पलीकडे गेलं की उद्यान. मी सहकुटुंब तिथेच उतरतो. "पोरांना सोसेल का?" असं मला दर वेळी ऐकवलं जातं. अहो, पोरांना सगळं सोसतं. सोसत नाही ती आपली प्रतिष्ठा. चाळीत सामाईक नळावर वाढलेली आपण माणसं. मी स्वतः अमेरिकेत एम.एस. करताना रस्त्यावरून उचलून आणलेल्या गादीवर दोन वर्षं झोपलो. तेव्हा कमीपणा वाटला नाही, तो आताच कुठून आला?

साधी गोष्ट आहे. एसी लावायचा तर खिडकी बंद करावी लागते. खिडकी बंद केली की रातकिडे गेले, पहाटेचे पक्षी गेले, पत्र्यावरचा पाऊस गेला. मग तिथे गेलो कशाला?

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी मंडळींची अडचण खरी आहे. भाजीतही 'बलाचान', म्हणजे कोळंबीसारख्या जवळ्याची आंबवलेली पेस्ट, असू शकते. आधी विचारावं लागतं. पण साधा भात मिळतो, आणि पिशवीतले थेपले आहेतच. गुडघेदुखी, दमा असलेल्या ज्येष्ठांनी जरूर सुखसोयी बघाव्यात. धडधाकट चाळिशीवाल्यांना मात्र ही सवलत नाही.

दुसरा मुद्दा पैशाचा. २०१६ ते २०२० या काळातल्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेनुसार मलेशियाच्या जंगलात दीडशेहूनही कमी वाघ उरले आहेत. जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांची चूल जंगलावर पेटली, तरच त्यांना ते राखावंसं वाटेल. गेस्टहाऊसवाली मावशी, होडीवाला, वाटाड्या यांच्या हातात आपले रिंगिट थेट पडतात.

आणि खरी काळजी पुढेच आहे. आपली मुलं आजोळी गेली की दारातच विचारतात, "इथे एसी नाही?" आजीचा चेहरा उतरतो. हा प्रश्न त्यांना कुणी शिकवला? आपणच, दर सुट्टीत, तारे मोजून हॉटेल निवडताना.

म्हणून कार्यकारिणीला माझी जाहीर सूचना आहे: पुढची सहल क्वाला ताहानला न्या, दोन रात्री, गेस्टहाऊसमध्ये. यादीत पहिली चार नावं माझ्या घरची लिहून घ्या.