आनेवाडीच्या रांगेत चढणारा काटा
खंबाटकी घाट न तापता चढलेली जुनी मारुती ८०० आनेवाडीच्या टोलरांगेत तापू लागली, तर लगेच रेडिएटर बदलायला काढू नका. धावत्या गाडीत वारा जाळीतून आपसूक जातो. उभ्या गाडीचा सगळा भार पंख्यावर. काटा चढला तरी पंखा फिरत नसेल, तर फ्यूज, रिले, थर्मोस्विच तपासा. मोटरला बॅटरीतून थेट तार जोडल्यावर पंखा फिरला, म्हणजे मोटर शाबूत. निष्कारण नवी घेऊ नका. जुन्या जीपचा पंखा बेल्टवर चालतो, तिथे बेल्टचा ताण पाहा. कूलंट कमी वाटलं तरी तापलेल्या रेडिएटरचं झाकण कृपया उघडू नका. उसळतं पाणी चेहरा भाजतं. घाटातच तापणाऱ्या गाडीचा मात्र रेडिएटर आतून चोंदलाय का, हे आधी बघावं.