शपथेवर सोडलेली दारू

व्यसन हा केवळ मनाचा दुबळेपणा असून माणसाने एकदा निश्चय केला की दारू सुटलीच पाहिजे, हे मत आपल्या समाजात इतके रूढ आहे, की घरात कोणी पिऊ लागला म्हणजे वैद्याकडे नेण्यापूर्वी त्याला देवापुढे उभे करून, मुलाच्या मस्तकावर हात ठेवावयास लावून, शपथ घालण्यात येते. आणि ती मोडली म्हणजे तो इसम दारुडा तर ठरतोच, शिवाय पोटच्या पोराची खोटी शपथ वाहणारा अधमही ठरतो. या मताच्या पुरस्कर्त्यांचा हेतू शुद्ध आहे; मत मात्र चुकीचे आणि प्रसंगी घातक आहे.

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याच्या मज्जासंस्थेने मद्याचा अंमल गृहीत धरूनच आपला कारभार बसविलेला असतो. तो अंमल अकस्मात उठला, की काही तासांतच हात कापू लागतात, घाम सुटतो, झोप उडते; कित्येकांना आकडी येते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नसलेली माणसे दिसू लागतात, आणि वेळीच उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवतो. म्हणजे शपथ तंतोतंत पाळणाराच प्राणास मुकण्याचा संभव! नवऱ्याला खोलीत कोंडून बाहेरून कडी घालणाऱ्या, किंवा दारू सोडविण्यासाठी देतात ती डायसल्फिरामची गोळी त्याच्या नकळत आमटीत कालवणाऱ्या माउलीला हे कोणी सांगितलेले नसते. त्या गोळीवर दारू पोटात गेली तर रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो.

प्रतिपक्षाचा खरा बळकट पुरावा म्हणजे माळकरी. तुळशीची माळ गळ्यात पडताच काल गुत्त्यावर लोळणारा आज दारूला शिवेनासा झाला, अशी माणसे गावोगाव आहेत, हे आम्हांस मान्य आहे. पण ही किमया शपथेची म्हणावी, तर घरच्या देव्हाऱ्यापुढची शपथ आठवडाभरही का टिकत नाही? माळ घातलेला माणूस एकटा उरत नाही. ज्या सांजवेळी त्याचे पाय गुत्त्याकडे वळत, नेमक्या त्याच वेळी त्याच्या हाती टाळ येतो. पंधरवड्याला एकादशी येते. आषाढीच्या दिंडीत त्याची जागा ठरलेली असते. आणि एखाद्या दिवशी तो भजनाला दिसला नाही, तर चौकशीला माणूस दारी येतो. त्याला तारतो तो हा दिनक्रम आणि ही संगत. 1935 साली अमेरिकेतील अॅक्रन येथे एक शेअरदलाल व एक शल्यवैद्य या दोघा मद्यासक्तांनी सुरू केलेल्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’चा मार्गही फारसा निराळा नाही: जन्माची प्रतिज्ञा न मागता आजच्या दिवसापुरते न पिणे, आणि पुन्हा सभेस हजर राहणे. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता अवचट यांनी उभारलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रातही औषधोपचाराला समूहाची जोड असते.

व्यसनाला रोग म्हटले, की व्यसनी जबाबदारीतून मोकळा सुटतो, असा एक आक्षेप उरतो. मधुमेह जडला म्हणून रोग्यावर कोणी फिर्याद करीत नाही, पण पथ्य त्याचे त्यालाच सांभाळावे लागते. तसेच हे आहे. नशेत बायकोवर हात टाकणाऱ्याने त्याचा जाब दिलाच पाहिजे, तेथे रोगाची सबब चालू देऊ नये. मात्र उपचारानंतर पुष्कळजण पुन्हा घसरतात, आणि अशा घसरलेल्याला नवी शपथ घालण्यात महिना दवडण्याऐवजी त्याच आठवड्यात पुन्हा दवाखान्यात रुजू करावे, एवढाच आमचा आग्रह आहे.