मिठाच्या वादात पूर्वजांची साक्ष

‘आपले पूर्वज मिठाचे खडे खात, त्यांना कुठे बीपी होते?’ मीठ कमी करा म्हटले की हा प्रश्न हमखास येतो. दुसरा पक्ष तितक्याच ठामपणे सांगतो, की प्राचीन माणूस वरून मीठ घेतच नव्हता, म्हणून मीठ विषच. दोघेही साक्षीला पूर्वजांनाच उभे करतात. पुणे जिल्ह्यात ते पूर्वज खरोखर सापडले आहेत.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या या कामातून इ. स. पूर्व १६०० ते ७०० मधली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. हे लोक जव पिकवत, गुरे पाळत, मासे आणि हरणेही खात. त्यांची दफने शेकड्यांनी मिळाली, आणि त्यांतली बहुतेक लहान मुलांची आहेत. घराच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली. काही मुलांच्या दातांवरचे दोष आजारपणाकडे आणि उपासमारीकडे बोट दाखवतात.

ही साक्ष दोन्ही पक्षांना अडचणीची आहे. रक्तदाब हाडांवर खूण ठेवत नाही, आणि ताटातले मीठ मातीत विरघळून जाते. शिवाय रक्तदाबाचा त्रास बहुधा उतारवयात दिसतो. जे बालपणीच गेले, त्यांना तो नव्हता यावरून मिठाबद्दल काय ठरणार? जवळच्या पूर्वजांचीही तीच गत. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे रिव्हा-रोच्चींचे यंत्र १८९६ चे. त्याआधीच्या आजोबा-पणजोबांना बीपी नव्हते असे म्हणणाऱ्याने ते कशाने मोजले?

खनिजांमुळे सैंधव साध्या मिठापेक्षा चांगले, हा दावा याहून कच्चा आहे. त्यात खनिजे असतात हे खरे. पण त्याचा बहुतांश भाग सोडियम क्लोराइडच असतो, आणि दिवसाच्या चिमटीभर मिठातून मिळणाऱ्या लोहापेक्षा बाजरीच्या एका भाकरीत कितीतरी जास्त लोह असते. उलट सैंधवात सहसा आयोडीन घातलेले नसते, आणि त्याच्या कमतरतेने गलगंड होतो.

मग भरवसा कशावर ठेवायचा? जिवंत माणसांवरच्या मोजमापावर. १९८८ च्या इंटरसॉल्ट पाहणीत ३२ देशांतले दहा हजारांवर लोक होते. त्यांतल्या ॲमेझॉन जंगलातील यानोमामींच्या आहारात मीठ जवळपास नव्हते आणि वयानुसार त्यांचा रक्तदाब वाढत नव्हता. पण ते लठ्ठही नव्हते, म्हणून एवढ्यावर निकाल देणे घाईचे ठरते. २००१ च्या डॅश-सोडियम प्रयोगाने ही फट बुजवली. त्यात ४१२ जणांचे जेवण संशोधकांनीच पुरवले आणि मिठाचे प्रमाण तेवढे बदलत नेले. मीठ उतरले तसा रक्तदाब उतरला, आणि ज्यांचा आधीच चढा होता त्यांचा अधिक.

फार कमी मीठ खाणारेही जास्त दगावतात, असे काही पाहण्या सांगतात. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. मात्र त्यांतल्या अनेक पाहण्यांत एकाच वेळच्या लघवीवरून दिवसभराच्या मिठाचा अंदाज बांधला होता. शिवाय आजारी माणूस मुळातच कमी जेवतो. तिथे आजार आधी आणि कमी मीठ नंतर, असाही क्रम असू शकतो. चीनमधल्या ६०० खेड्यांतल्या प्रयोगात निम्म्या खेड्यांना काही मीठ वगळून त्याजागी पोटॅशियमचे मीठ दिले, तेव्हा तिथे पक्षाघात सुमारे १४ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. यातला काही वाटा पोटॅशियमचा असणार, हेही मान्य करायला हवे. आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाने असे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चमचा. त्या मापाने चौघांच्या घरात किलोचे पाकीट किमान ५० दिवस पुरायला हवे. ते महिन्यात संपत असेल, तर माणशी ८ ग्रॅमच्या वर मीठ जाते आहे, आणि विकतचे लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ त्यात अजून धरलेलेच नाही.