दर्या आणि दऱ्या: मराठी संगणकावर नेमकी कोणी आणली?

१/
“मराठी संगणकावर विंडोजने आणली.” हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले जाते की त्याला पुरावा मागावा असे कोणाच्या मनातही येत नाही. त्याचे जोडवाक्यही ठरलेले: घरच्या संगणकावर लिनक्स चढवून रात्री जागवणारी मंडळी म्हणजे रिकामटेकडे हौशी. ही दोन्ही विधाने इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाहीत. तपासाची सुरुवात विलेपार्ल्यापासून.

२/
पार्ल्याचा इतिहास सांगताना नावे ठरलेली असतात: १९२१ चे पार्ले टिळक विद्यालय, १९२३ चा लोकमान्य सेवा संघ, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाची छावणी, बिस्किटांचा कारखाना, पु. ल. देशपांडे. यादी खरी आहे, पण अपुरी आहे. स्टेशनच्या पश्चिमेला, जुहू-विलेपार्ले डेव्हलपमेंट स्कीममधल्या गुलमोहर क्रॉस रोड क्रमांक ९ वरची एक इमारत तिच्यात कधीच येत नाही.

३/
ती इमारत नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटीची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एका केंद्रातून १९८५ मध्ये ही संस्था उभी राहिली, डॉ. एस. रमणी हे तिचे पहिले संचालक. देशातल्या शिक्षणसंस्थांना जोडणाऱ्या ‘अर्नेट’ जाळ्याचे परदेशाकडे उघडणारे दार येथेच होते. ‘डॉट इन’ ही भारताची इंटरनेटवरची ओळखही अनेक वर्षे येथूनच सांभाळली गेली.

४/
या जाळ्याची भाषा युनिक्सची होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा विद्यार्थ्यांना परवडणारे ‘शेल’ खातेही युनिक्सचेच होते. चित्रे नाहीत, माउस नाही. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकायची आणि उत्तराची वाट पाहायची. लिनक्स घरात येण्यापूर्वीच त्याच्या भावंडाशी एका पिढीची ओळख झाली होती.

५/
फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्सने २५ ऑगस्ट १९९१ रोजी लिनक्सची घोषणा केली. मोडेमच्या वेगाने एवढे सॉफ्टवेअर उतरवून घेणे भारतात जवळजवळ अशक्य होते. १९९६ पासून ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाच्या अंकासोबत लिनक्सची सीडी येऊ लागली आणि हा अडसर दूर झाला. त्यामागे बंगळुरूचे अतुल चिटणीस (१९६२–२०१३) यांचा पुढाकार होता. वृत्तपत्रविक्रेत्याकडे मिळणाऱ्या अंकातून ऑपरेटिंग सिस्टिम घरोघर पोहोचली.

६/
पोहोचली, पण चालली का? बहुधा पहिल्या झटक्यात नाही. ‘लिलो’ हा प्रारंभक कधी कधी ‘एलआय’ एवढी दोनच अक्षरे उमटवून थिजत असे. जुन्या बायोसला डिस्कच्या पहिल्या १०२४ सिलिंडरांपलीकडचे वाचता येत नसे, आणि कर्नल त्या सीमेपलीकडे पडला की यंत्र सुरूच होईना. उपाय साधा होता: डिस्कच्या आरंभी छोटासा स्वतंत्र विभाग राखून कर्नल तेथे ठेवायचा. पण तो सुचण्यासाठी डिस्क कशी वाचली जाते हे आधी समजून घ्यावे लागे.

७/
पुढचा अडथळा मोडेमचा. संगणकाच्या आत बसणाऱ्या स्वस्त मोडेमचे अर्धे काम विंडोजमधले सॉफ्टवेअर करीत असे; त्यामुळे लिनक्सखाली तो मुका राही. मग सीरियल पोर्टला जोडायचा बाहेरचा मोडेम लॅमिंग्टन रोडवर शोधायचा. पडदा रंगीत करायचा तर मॉनिटरच्या आडव्या-उभ्या फ्रिक्वेन्सी एका फाईलीत हाताने लिहायच्या. आकडा चुकल्यास मॉनिटर बिघडू शकतो, ही ताकीद सोबत असेच.

८/
येथे आक्षेपक विचारतो: जे आपोआप चालत नाही, त्याचे कौतुक कशासाठी? प्रश्न रास्त आहे. बिघाड हा गुण नव्हे. परंतु बिघाड दोन प्रकारचे असतात. एक, ज्याचे झाकण उघडता येते आणि कारण सापडते. दुसरा, ज्याचे झाकण कंपनीने सीलबंद केलेले असते. वापरणाऱ्याने तक्रार करावी आणि पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी. मराठीचे भवितव्य या फरकावर अवलंबून होते.

९/
कसे, ते एका अक्षरावरून पाहावे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना’ नमस्कार करायचा असतो, ‘आचाऱ्यांना’ पंगतीचा हिशेब द्यायचा असतो. रफार आणि अर्धा ऱ यांतला हा भेद मराठीत अर्थ बदलतो; हिंदीला त्याची गरजच पडत नाही. देवनागरी म्हणजे हिंदी असे समजून केवळ हिंदीवर तपासलेली प्रणाली सह्याद्रीच्या दऱ्यांत समुद्र आणून सोडते.

१०/
त्या काळी मराठी छापली जात नव्हती असे नाही. डीटीपीच्या दुकानांत श्रीलिपी, आकृती यांसारख्या संचांवर पुस्तके, मासिके, लग्नपत्रिका निघत होत्या. परंतु त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत आणि प्रत्येक संचाची मांडणी निराळी. फॉन्ट नसेल तर उघडलेल्या फाईलीत रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग दिसे. पडद्यावर मराठी दिसत होती. संगणकाला मात्र ती मराठी आहे हे ठाऊक नव्हते.

११/
विंडोजचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. विंडोज २००० मध्ये युनिकोडवर आधारलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट आला आणि असंख्य लोकांनी पहिले मराठी वाक्य त्यातच टंकले. पण मंगल रेखाटला कोणी? सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. आयआयटी मुंबईच्या आयडीसीत शिकवलेले आणि पुढे जुहूच्या एनसीएसटीत काम केलेले हेच ते जोशी. विंडोजच्या देवनागरीचा उगम शोधत निघालेला माणूसही पार्ल्याच्या शेजारीच येऊन पोहोचतो.

१२/
जोशींच्याच हातचा दुसरा देवनागरी फॉन्ट म्हणजे ‘रघू’. एनसीएसटीने तो जीपीएल या मुक्त परवान्याखाली दिला. हात एक, लिपी एक. दोन फॉन्टांचे नशीब मात्र भिन्न. मंगलमध्ये बदल करण्याचा अधिकार एका कंपनीकडे राहिला. रघू कोणीही उघडावा, तपासावा, दुरुस्त करावा आणि पुढे वाटावा. इतिहासाच्या भाषेत बोलायचे तर एक दफ्तर कुलपात राहिले आणि दुसरे अभ्यासकांसाठी खुले झाले.

१३/
रघूसोबत एनसीएसटीत ‘इंडिक्स’ प्रकल्प चालू होता: लिनक्सच्या एक्स विंडो प्रणालीतच भारतीय लिप्यांची सोय करणे. पुढे जगाने वेगळी वाट धरली. अक्षरजोडणीचे काम ‘पँगो’सारख्या स्वतंत्र ग्रंथालयांकडे गेले, २००२ च्या जीटीके २ मध्ये ते आले. मुंबईतच प्रकाश अडवाणी आणि व्यंकटेश हरिहरन यांनी ‘इंडलिनक्स’ उभे केले. व्हीजेटीआयचे प्रा. जितेंद्र शहा यांच्या ‘इंडिकट्रान्स’ गटाकडून ‘गार्गी’ हा मुक्त फॉन्ट आला. २००४ मध्ये रेड हॅटने ‘लोहित’ फॉन्ट खुले केले.

१४/
या मोठ्या नावांच्या बरोबरीने आणखी एक काम चालू होते, आणि ते घरच्या संगणकावरच होण्यासारखे होते. नवी आवृत्ती चढवायची. ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द टंकून पाहायचे. कोठे रफार चुकीच्या जागी गेला, कोठे पाय मोडलेला दिसला याची नोंद करायची. कोणते संकेतांक टंकले, काय दिसले, काय दिसायला हवे होते, हे सारे लिहून पाठवायचे. त्यानंतर दुरुस्ती स्वीकारली जाई आणि ती सर्वांची होई.

१५/
आक्षेपकाचा सर्वांत बळकट मुद्दा आता येतो. एनसीएसटीला सरकारी पैसा होता, रेड हॅटमध्ये पगारी अभियंते होते. मग हौशी मंडळींनी असे काय मोठे केले? खरे आहे, बराचसा कोड पगारी हातांनीच लिहिला. परंतु ज्या अभियंत्याला मराठी वाचता येत नाही, त्याला ‘दऱ्या’चे ‘दर्या’ झालेले दिसणार कसे? मराठी ल आणि श यांची वळणे हिंदीहून वेगळी असतात, हे त्याला सांगणार कोण? चूक ओळखणारा डोळा विकत मिळत नव्हता.

१६/
या कामाचे वारस शोधायला दूर जाण्याची गरज नाही. पँगो आणि क्यूटी यांच्या अक्षरजोडणीच्या कोडमधून ‘हार्फबझ’ वाढले. आज अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस अक्षरे जुळवतात ती त्याच्याच आधारे, आणि अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सचा कर्नल आहे. “लिनक्स कोण वापरतो?” असा उपरोधिक प्रश्न ज्या फोनवर मराठीत टंकला जातो, त्याच्याच पोटात उत्तर असते.

१७/
इतिहासप्रेमी तरुणांशी याचा संबंध थेट आहे. १७५० चे पत्र मोडी शिकून वाचता येते. १९९८ ची डीटीपी फाईल तिचा फॉन्ट हरवला की कोणालाही सहजी वाचता येत नाही. स्थानिक इतिहासाची कित्येक पुस्तके, स्मरणिका, वंशावळी अशा फाईलींत पडून आहेत. कोणत्या संकेतांकाजागी कोणता मराठी आकार आहे, याचा तक्ता बनवून त्या युनिकोडमध्ये उतरवणे हे झाकण उघडून पाहणाऱ्यांचेच काम आहे.

१८/
युनिकोडमध्ये आले म्हणजे प्रश्न संपला असेही नाही. मराठी ‘ॲ’ला स्वतंत्र संकेतांक २००८ मध्ये, युनिकोड ५.१ मध्ये मिळाला. त्यापूर्वी तो अ आणि चंद्र जोडून लिहीत. अर्धा ऱही दोन तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्यांना शब्द एकच दिसतो, शोधयंत्राला दोन दिसतात. अशा वेळी “संदर्भ सापडला नाही” याचा अर्थ “संदर्भ नाही” असा घेणारा संशोधक फसतो.

१९/
मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले २०१४ मध्ये, ७.० या आवृत्तीत. फॉन्ट उपलब्ध आहेत. घरच्या लिनक्सवर फाईल फॉन्टच्या फोल्डरमध्ये ठेवायची, ‘एफसी-कॅश’ ही आज्ञा चालवायची आणि मोडी पडद्यावर उमटते. पण जोडाक्षरे, वळणे, कीबोर्डची मांडणी यांची कसून तपासणी करणारे डोळे पुन्हा हवे आहेत. देवनागरीला वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ज्या कामाची गरज होती, तेच काम आज मोडीसाठी उभे आहे.

२०/
एनसीएसटी २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली आणि तिचे नाव विस्मरणात जाऊ लागले. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो बखरींवर विसंबून न राहता अस्सल कागद हुडकून. “मराठी विंडोजने आणली” ही आपल्या काळाची बखर आहे. तिचे अस्सल कागद म्हणजे जुन्या सीडी, चुकांच्या नोंदी, बदलांच्या याद्या. सीडीचा थर झडत जातो, सर्व्हर बंद होतात. ज्यांच्या घरी हे कागद आहेत, त्यांनी त्यांची प्रत आजच काढून ठेवावी.