घाटावरची बैठक मोडू देऊ नका

काशीच्या पंचगंगा घाटावर संध्याकाळी जमणारी बैठक मोडत चालली आहे. तिला नाव नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. बिंदुमाधवाचं दर्शन घेऊन माणसं पायऱ्यांवर टेकतात, घाटियाच्या, म्हणजे घाटावरच्या पुरोहिताच्या, छत्रीखालच्या चौकीवर दोघे-चौघे सरकून जागा करतात, आणि निवडणूक तोंडावर आली असेल तर दिवेलागण होऊन गेली तरी उमेदवारांखेरीज दुसरा विषय निघत नाही. ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या गल्ल्यांतली मराठी घरं, खाली नावा बांधणारे नावाडी, वरच्या वस्तीतले दुकानदार आणि कारागीर, सगळे एकाच पायरीवर बसून हमरीतुमरीवर येतात. अर्धं मराठीत, अर्धं बनारसी बोलीत. ही बैठक टिकली पाहिजे, आणि ती टिकवणं आपल्याच हातात आहे.

ती का टिकवायची, हे सांगायला २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या दिवसांतली एक गोष्ट पुरेशी आहे. एका तरुणाने मोबाईल पुढे केला. एका उमेदवाराचा फोटो, खाली अवतरणचिन्हांत एक वाक्य, आणि ते वाक्य वाचून कुणाचंही डोकं फिरावं असं. दोघा-तिघांचं फिरलंही. चौकीवरच्या एका म्हाताऱ्या काकांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "कुठं म्हणाला? कधी म्हणाला? कोणासमोर म्हणाला?" तरुणाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "सगळीकडे फिरतंय, काका," एवढंच तो म्हणाला. "अरे, फिरतं तर वारंही. सभा कुठली ते सांग." मग दुसऱ्याने सभेचं पूर्ण भाषण शोधून काढलं आणि आवाज मोठा करून सगळ्यांना ऐकवलं. वाक्य त्या उमेदवाराच्याच तोंडचं होतं, पण विरोधकांचा आरोप सांगताना उच्चारलेलं. त्या आरोपाला दिलेलं उत्तर लगेच पुढच्या वाक्यात होतं, आणि फोटो करणाराने नेमकं तेवढंच कापलं होतं.

त्या मुलाने आपलं मत बदललं नाही, आणि कुणी त्याला बदलायला सांगितलंही नाही. पण ज्या ग्रुपवरून तो मजकूर आला होता, त्याच ग्रुपवर त्याने तिथल्या तिथे लिहिलं की हे वाक्य अर्धवट आहे, पूर्ण भाषण ऐका. निवडणुकीत खोट्याला अडवायचं म्हणजे एवढंच करायचं असतं. पण ते करायला लावणारं माणूस समोर बसलेलं असावं लागतं. मोबाईलच्या ग्रुपात आपल्याच बाजूचे लोक जमतात, तिथे "कुठं म्हणाला?" असं विचारणारा फितूर ठरतो. पायरीवर मात्र उलट बाजूचा माणूस गुडघ्याला गुडघा लावून बसलेला असतो. तो उद्या सकाळी स्नानाला भेटणार असतो, परवा आपल्या घरच्या कार्याला येणार असतो. त्याच्या तोंडावर थाप मारणं अवघड जातं, आणि मारली तरी ती पचत नाही.

पंचगंगेला हा वारसा आजचा नाही. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्या इथे मिळतात अशी श्रद्धा. रामानंदांचा श्रीमठ इथलाच. पहाटेच्या अंधारात याच पायऱ्यांवर पडून राहिलेल्या कबीराला त्यांचा पाय लागला आणि तोंडून निघालेलं रामनाम त्याने गुरुमंत्र मानलं, ही आख्यायिका इथलं लहान मूलही सांगतं. घाटाच्या माथ्यावर औरंगजेबाच्या काळातली मशीद आहे. तिच्या एकेकाळच्या उंच मिनारांवरून लोक तिला माधोरायाचा धरहरा म्हणत आले. जुन्या बिंदुमाधवाच्या जागी ती उभी राहिली, आणि औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं आजचं मंदिर जवळच्याच गल्लीत आहे. अहिल्याबाई होळकरांचा हजारा दीपस्तंभ इथेच. म्हणजे या घाटावर मतभेद नव्हते असा एकही काळ नव्हता. मतभेद घेऊनच माणसं इथे शेजारी बसत आली आहेत.

आरोपाला कसं सामोरं जायचं, याचा धडाही काशीने मराठी माणसाला फार पूर्वी दिला आहे. पैठणच्या एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर मराठीत टीका लिहायला घेतली, तेव्हा देववाणीतला ग्रंथ प्राकृतात आणल्याबद्दल काशीचे पंडित खवळले, असं परंपरा सांगते. त्यांनी नाथांना काशीला बोलावून घेतलं. नाथ आले. ग्रंथ सर्वांसमोर वाचला गेला, आणि वाचल्यावर विरोध मावळला. १५७३ साली तो ग्रंथ काशीतच पुरा झाला. त्या पंडितांचा राग खरा होता. पण ज्याच्यावर राग त्याला समोर बोलावण्याची आणि मूळ ग्रंथ ऐकून घेण्याची त्यांची रीतही खरी होती. आपण राग तेवढा ठेवला आणि रीत सोडून दिली.

काशीच्या मराठी घरांतूनच बाबूराव विष्णु पराडकर आले. १८८३ साली काशीत जन्मलेला हा मराठी माणूस हिंदी पत्रकारितेचा आधारस्तंभ झाला. १९२० साली शिवप्रसाद गुप्तांनी सुरू केलेल्या 'आज' या दैनिकाला त्यांनी घडवलं, आणि सत्याग्रहाच्या काळात सरकारची नजर चुकवून निघणाऱ्या 'रणभेरी' या भूमिगत पत्रामागेही ते होते. १९२५ मध्ये वृंदावनच्या संपादक संमेलनात त्यांनी बजावलं होतं की उद्याची वृत्तपत्रं देखणी होतील, छपाई सुबक होईल, पण त्यांतला प्राण हरपेल. आज हातातल्या पडद्यावर येणारा खोटा मजकूर किती सुबक असतो ते पाहा. अक्षर नेटकं, फोटो झकास, पक्षाचं चिन्ह जागच्या जागी. नसतो तो फक्त मजकुराची जबाबदारी घेणारा माणूस.

असा बिनधन्याचा मजकूर काय करू शकतो, हे देशाने राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतही पाहिलं आहे. डॉ. झाकिर हुसेन यांचं ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच निधन झालं. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे राहिले आणि इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत देण्याची हाक दिली. तिसरे उमेदवार आपले चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निर्णयावरून १९५६ मध्ये अर्थमंत्रिपदावर पाणी सोडणारे. मतदान १६ ऑगस्टला होतं. मतदार म्हणजे फक्त खासदार आणि आमदार. आणि त्याच दिवसांत रेड्डींच्या खासगी चारित्र्यावर गलिच्छ आरोप करणारं एक निनावी पत्रक निघालं. ते टपालाने गेलं, संसदेच्या सेंट्रल हॉलमध्येही हातोहात फिरलं. पहिल्या पसंतीत कुणालाच बहुमत मिळालं नाही. दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर गिरींना ४,२०,०७७ आणि रेड्डींना ४,०५,४२७ अशी मतमूल्यं पडली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. खासदारांच्या साक्षी झाल्या. पदावर असलेले राष्ट्रपती गिरी स्वतः न्यायालयात आले आणि त्यांनी साक्ष दिली. १९७० मध्ये याचिका फेटाळली गेली. पत्रक वाटलं गेलं हे न्यायालयाने मानलं, पण त्यात गिरींचा हात होता किंवा त्यामुळे निकाल फिरला, हे सिद्ध झालं नाही. कायद्याच्या दृष्टीने वाद तिथे संपला. पण रेड्डींवर उडालेला चिखल कुणाचा, याचा छडा अखेर लागला नाही. विचार करा. मतदार मोजके, सगळे राजकारणात मुरलेले, एकमेकांना नावानिशी ओळखणारे. तिथे एक निनावी कागद एवढी धूळ उडवू शकला. आज तसे हजारो कागद रोज सकाळी चहाच्या आधी आपल्या खिशात येऊन पडतात.

कायदा नाही असं नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ सांगतो की निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असलाच पाहिजे. खोटं आहे हे ठाऊक असताना उमेदवाराच्या चारित्र्यावर विधान छापणं त्याच कायद्यात भ्रष्ट आचार ठरतं. निवडणूक आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये अफवा आणि वस्तुस्थिती शेजारी शेजारी मांडणारी नोंदवही संकेतस्थळावर उघडली. मे महिन्यात त्याने पक्षांना बजावलं की बनावट चित्रफीत नजरेस आणून दिल्यावर ती तीन तासांत काढा. हे सगळं हवंच. पण घरच्यांच्या, शाळासोबत्यांच्या, भाऊबंदांच्या ग्रुपात कुठला आयोग शिरणार? तिथे फक्त आपण असतो. तिथलं खोटं तिथलाच माणूस थांबवू शकतो.

आणि थांबवलं नाही तर काय होतं, ते महाराष्ट्राने भोगलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने ठेचून मारले. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून फिरत होती. ते पाचही जण भिक्षा मागत फिरणारे गरीब होते. कोण, कुठले, कशाला आलात, हे थांबून ऐकून घ्यायला तो जमाव तयार नव्हता. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पाच जीव गेल्यावर घातलेली ती मर्यादा आपण स्वतःलाच आधी घालून घ्यायला हवी होती.

मग पंचगंगेवरची बैठक विरळ का होत चालली? मराठी घरांतली मुलं नोकरीसाठी पुण्या-बंगळुरूला गेली. घाटांलगतच्या पक्का महाल या जुन्या वस्तीतल्या वाड्यांची अतिथीगृहं होत आहेत. घाटावरची गर्दी कैक पटींनी वाढली, पण ती फोटो काढून पुढे सरकणारी गर्दी आहे. आणि जे अजून येतात, त्यांतले बरेच पायरीवर बसूनही मान खाली घालून मोबाईलमध्येच वाद घालतात. वादाची भूक आहे तशीच आहे. ती भागवायची जागा तेवढी बदलली, आणि नव्या जागेवर समोरच्याचं तोंड दिसत नाही.

म्हणून काशीकर मराठी मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ पंचगंगेला द्या. घरातल्या मुलांना आणा, सुनांना-लेकींना आणा. ही बैठक आजवर बहुतेक पुरुषांचीच राहिली, ते पहिल्यांदा बदला. दुसऱ्या पक्षाच्या माणसाला आग्रहाने बोलावून आणा, कारण तो नसेल तर ती बैठक उरत नाही, प्रचारसभा होते. आणि चौकीवर एकच शिस्त पाळा. उमेदवाराचं वाक्य सांगायचं असेल तर ते कुठं, कधी आणि कोणासमोर म्हटलं हेही सांगायचं. सांगता आलं नाही, तर ते वाक्य बाजूला ठेवायचं, मग ते आपल्या बाजूचं कितीही सोयीचं असो.

निवडणूक लागली की आणखी एक काम हाती घ्या. प्रत्येक उमेदवार अर्जासोबत शपथपत्र देतो. त्यात त्याच्यावरचे गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं असतं. २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे मतदाराला हा हक्क मिळाला, आणि ती शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुली असतात. एक संध्याकाळ सगळ्या प्रमुख उमेदवारांची शपथपत्रं पायरीवर मोठ्याने वाचा. ज्याचं त्याने ठरवावं, पण ठरवताना समोर कागद असावा. आणि आपण पुढे पाठवलेलं खोटं निघालं, तर जिथे पाठवलं तिथेच, त्याच लोकांसमोर दुरुस्त करा. त्यात कसला कमीपणा?

हे आत्ताच का? उत्तर प्रदेश विधानसभेची मुदत २०२७ मध्ये संपते, आणि राष्ट्रपतींची मुदतही त्याच वर्षी जुलैत. २०२२ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत उत्तर प्रदेशच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य २०८ होतं, देशात सर्वांत जास्त. महाराष्ट्राच्या आमदाराचं १७५. म्हणजे घाटावरचा मतदार आपला आमदार निवडतो, तेव्हा राष्ट्रपती भवनात कोण बसणार यातही त्याचा वाटा असतो. एवढं मोठं काम अर्ध्या कापलेल्या वाक्यांवर सोडून देता येणार नाही.

महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या मंडळींनाही सांगणं आहे. गंगा भरून घ्या, विश्वनाथाचं दर्शन घ्या, आणि एक संध्याकाळ पंचगंगेच्या पायरीवर बसा. तिथे काय चाललं आहे ते ऐका, हवं तर वादात उतरा. परत गेल्यावर आपल्या गावचा पार, चावडी, एसटी स्टँडावरचा चहाचा ठेला, सोसायटीचा कट्टा याच शिस्तीने पुन्हा बोलता करा.

या लेखातली एखादी गोष्ट तुम्हाला पटली नसेल, तर ती ग्रुपवर लिहू नका. पंचगंगेवर या, समोर बसा, आणि माझ्या तोंडावर सांगा.