भाऊंच्या कानावर घालण्याआधी

चौकात नवा फ्लेक्स लागला की मधला मोठा चेहरा कुणी बघत नाही. खालच्या रांगेत आपला कोणता मित्र झळकलाय, ते आधी शोधतो. गॉगल, जोडलेले हात आणि खाली 'शुभेच्छुक'. भाऊंच्या वाढदिवसाला रात्री बाराच्या ठोक्याला स्टेटस, भाऊ कॉलेजात आले की हार घेऊन पुढे पुढे. आपण याला चमचेगिरी म्हणतो आणि हसतो.

पण तो हे का करतो? चंद्रपूर असो की गडचिरोली, दाखला अडला, शिष्यवृत्ती लटकली, कंत्राटी भरती निघाली की घरूनच सल्ला मिळतो, 'भाऊंच्या कानावर घालून ठेव.' काम नियमाने होईल असा भरवसा नसला की माणूस ओळख जमवतो आणि ती टिकवायला हांजी हांजी करतो. आपल्या हक्काची गोष्ट दुसऱ्याची मेहरबानी झाली, की चमचे आपोआप तयार होतात.

याला उत्तर आपल्याच जंगलात सापडतं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाला २००९ मध्ये, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली, सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायचा तर वाहतूक पास लागतो आणि पासबुक वन विभागाकडे. अशा वेळी साहेबांच्या बंगल्यावर खेटे घालायचे, ही आपली नेहमीची रीत. गावाने मात्र कायद्यावर बोट ठेवलं: बांबू हे गौण वनोपज आहे, त्यावर हक्क आमचा. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि पासबुक ग्रामसभेच्या हाती दिलं.

हे बळ एका दिवसात आलेलं नव्हतं. मेंढ्यात अभ्यासगट चालायचा, लोक एकत्र बसून विषय समजून घ्यायचे आणि ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीने व्हायचे. ज्याला आपला हक्क नेमका माहीत असतो, त्याला कुणाच्या मागे-पुढे करावं लागत नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं होतं, की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. पुढे १६ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी ज्या चंद्रपुरात हजारोंना धम्मदीक्षा दिली, तिथल्या पोरांनी तरी हे विसरू नये.

कुणी म्हणेल, बोलायला सोपं आहे. मस्का लावणाऱ्याचं काम होतं आणि आपण रांगेतच राहतो. खरं आहे, कधी कधी तसं होतं. पण त्याची किंमतही बघा. ज्याच्या मेहरबानीने नोकरी लागली, त्या भाऊंना हा मित्र आयुष्यात कधी विचारू शकेल का, की गावची बस का बंद झाली?

म्हणून पुढच्या वेळी दाखला अडला तर आधी अर्ज करा आणि पोच घ्या. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही, तर अपील करता येतं. मित्रांचा ग्रुप आहेच, त्यातच अभ्यासगट सुरू करा. भाऊंना वाढदिवसाच्या शुभेच्छा खुशाल द्या, पण काम अडलंय म्हणून नको.