स्वस्त मिळालें म्हणजे वांचलें काय?

दसरा-दिवाळीचा सुमार आला कीं आपल्या भुसावळ शहरांत दोन गोष्टी बहुधा बरोबरच येतात. रेल्वेच्या नोकरवर्गाच्या घरीं बोनसची वार्ता येते, आणि मुलांच्या हातांतील फोनवर सेलच्या जाहिराती झळकूं लागतात. पूर्वीं अशा जाहिराती कपड्यालत्त्यांच्या व भांड्याकुंड्यांच्या असत. आतां त्यांत संगणकावरील खेळांची भर पडली आहे. दोन हजारांचा खेळ पांचशांत पाहून मुलांचे डोळे दिपतात व वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. मुलगा म्हणतो, "दीड हजार वांचले." वडील म्हणतात, "पांचशें गेले." ह्या वादांत खरें कोणाचें, याचा विचार करण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम भाव उतरतो कां, तें पाहूं. रावेर-यावलकडील केळीच्या बागाईतदारास विचारा. आज घड विकला गेला नाहीं तर चार दिवसांत तो काळा पडेल, ह्या भीतीनें तो पडेल त्या भावास माल देतो. संगणकावरील खेळ मात्र नासत नाहीं. एकदां तयार झाला कीं त्याची आणखी एक प्रत देण्यास विकणारास फारसा खर्च येत नाहीं. मग तो भाव कां पाडतो? कारण गिऱ्हाइकें दोन प्रकारचीं असतात. ज्यास धीर नाहीं तो पहिल्याच दिवशीं पूर्ण किंमत मोजतो. ज्याची ऐपत बेताची तो थांबतो. दोघांकडूनहि कांहीं मिळावें म्हणून भाव आधीं चढा ठेवून मागाहून उतरविला जातो. ह्यांत उपकार नाहीं, तशीच लबाडीहि नाहीं. परंतु त्यावरून एक गोष्ट निश्चित होते. जो भाव आज उतरला, तो पुन्हां उतरणार. म्हणून घाई करण्याचें कारण नाहीं.

अमेरिकेंतील व्हॉल्व्ह कंपनीनें २००३ सालीं सुरू केलेलें 'स्टीम' हें दुकान घ्या. तेथें वसंत, ग्रीष्म, शरद व हिवाळा असे ऋतुपरत्वें मोठे सेल लागतात. आणि नोव्हेंबर २०१५ पासून आपल्याकडील गिऱ्हाइकांस किंमत रुपयांत दिसते. प्रारंभीं ह्या सेलमध्यें कांहीं खेळ थोड्याच तासांपुरते विशेष स्वस्त होत असत, व लोक रात्री-बेरात्री उठून भाव पाहत. २०१५ च्या अखेरीस ती चाल मोडली; सेलच्या पहिल्या दिवशीं जो भाव, तोच शेवटच्या दिवशीं, असें ठरलें. त्याच वर्षाच्या जूनपासून परतीचा नियमहि आला. खरेदीपासून १४ दिवसांच्या आंत, व खेळ दोन तासांहून कमी खेळला असल्यास, पैसे परत मागतां येतात. इतकी सोय असतां "आतांच घ्या, वेळ संपत आली" ह्या आरोळीस भुलणें शहाणपणाचें नव्हे. अशी खोटी निकड दाखविणें अनुचित आहे, असें आपल्या केंद्र सरकारनेंहि ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलें आहे. ग्राहकास फसविणाऱ्या ज्या १३ क्लृप्त्या तेथें नमूद आहेत, त्यांत हीहि एक आहे.

आतां मूळ वादाकडे वळूं. दोन हजारांची वस्तु आपण दोन हजारांस खरोखर घेणारच होतों, आणि ती पांचशांस मिळाली, तरच दीड हजार वांचले. जी वस्तु पूर्ण किमतीस आपण कधींच घेतली नसती, तिच्यावर पांचशें खर्चिले तर वांचले कांहींच नाहींत; वडिलांचा हिशेब खरा ठरला. आणि जो खेळ घेऊन उघडलाच नाहीं, तो शंभरांस मिळाला तरी महागच होय.

पैशाप्रमाणें वेळेचाहि हिशेब करा. 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीवरील खेळ एका अमेरिकन तरुणानें एकट्यानें रचून २०१६ सालीं प्रसिद्ध केला. त्याचा मुख्य भाग पुरा करण्यास सुमारें पन्नास तास लागतात. शालान्त परीक्षेचा विद्यार्थी रविवारीं दोन तास खेळला, तर त्यास पंचवीस रविवार पुरतील. असे पांच खेळ स्वस्तांत घेणारानें आपले अडीच वर्षांचे रविवार आधींच खर्ची टाकले! स्वस्ताईची ही किंमत जाहिरातींत छापलेली नसते.

आणखी एक भेद ध्यानांत घ्यावा. पुस्तक विकत घेतलें तर तें धाकट्या भावास देतां येतें, वर्ष सरल्यावर जुन्या बाजारांत विकतांहि येतें. स्टीमवरील खेळ तसा विकतां येत नाहीं. आपण विकत घेतों तो केवळ वापरण्याचा परवाना. ऑक्टोबर २०२४ पासून पैसे भरतेवेळीं तेथें तसें स्पष्ट लिहिलेलें असतें. तें वाचून मग पैसे द्यावे.

इतकें सांगूनहि सेलची वाट पाहणाऱ्या मुलास दोष देण्यास मी तयार नाहीं. पुण्यांतील नोडिंग हेड्स गेम्स ह्या मंडळीनें 'राजी' नांवाचा खेळ २०२० सालीं प्रसिद्ध केला. हरवलेल्या भावास शोधावयास निघालेल्या एका मुलीची ती कथा आहे. तत्पूर्वीं २०१७ सालीं त्यांनीं लोकवर्गणीनें भांडवल उभारण्याचा यत्न केला, तो फसला. तरी त्यांनीं काम टाकलें नाहीं. अशा श्रमाची चोरटी प्रत फुकट उतरवून घेणारा कारागिराच्या घामाचें मोल बुडवितो. उलट, गरिबाघरचा जो मुलगा सहा महिने थांबतो, खाऊचे पैसे साठवितो, आणि भाव उतरल्यावर रीतसर घेतो, तो प्रामाणिकपणा व संयम हे दोन गुण एकाच व्यवहारांत शिकतो. त्यास "उधळ्या" म्हणणें अन्यायाचें होय.

म्हणून पालकांस विनंति अशी कीं, सरसकट मनाई करूं नये, आणि आपल्या खात्याची किल्ली मुलाच्या स्वाधीनहि करूं नये. वर्षाची एक रक्कम ठरवून द्यावी, ती कशी खर्चावी याचा विचार मुलास करूं द्यावा, व खेळ त्याच्या वयास योग्य आहे कीं नाहीं हें स्वतः पाहावें. विद्यार्थ्यांनीं हवे असलेले खेळ वहींत लिहून ठेवावे. महिन्यानेंहि इच्छा टिकली तरच तें नांव राखावें. आणि हातचा खेळ पुरा झाल्यावांचून दुसरा घेऊं नये.

ही वही बापलेकांनीं मिळून एक वर्ष चालवावी. "वांचले" आणि "गेले" हा वाद मग आरडाओरडीनें नव्हे, तर वहींतील आंकड्यांनीं मिटेल. आणि ज्या मुलास शंभर रुपयांचा हिशेब लिहितां आला, त्याच्या हातीं उद्यां पहिला पगार देतांना कोणासहि धास्ती वाटणार नाहीं.